जागा पाणी नसताना बघावी

शिरूर अनंतपाळहून समुद्र रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. लातूरला जाऊन महामार्ग धरायचा, सोलापूर, सांगली, कोल्हापूर मागं टाकायचं, आंबा घाट उतरायचा, की रत्नागिरीत भाट्याच्या पुलाखाली काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते. आमच्या तालुक्यात पाणी म्हणजे घरणी आणि साकोळ हे दोन मध्यम प्रकल्प आणि मांजरेवरचे बंधारे. सगळं गोडं पाणी. तरीही खाडीच्या उथळ खाऱ्या पाण्यात गळ टाकायला जागा कशी निवडावी, यावर मी ऐकलेलं सगळ्यांत कसदार बोलणं घरणीच्या भिंतीवर झालं, आणि तेही धरण काठोकाठ भरलेलं असताना, दिवाळीत.

बोलणारे दोघे मामा-भाचे. मामा पिढीजात भोई, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून कंडाळी लावणारे. भाचा उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून पदवी घेऊन रत्नागिरी जिल्ह्यात एका कोळंबी प्रकल्पावर नोकरीला लागलेला. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन खाडीत उतरणारा. मामांना मार्गशीर्षात त्याच्याकडं जायचं होतं, आणि नुसतं मंदिरं-किल्ले बघून परत यायचं नव्हतं.

आधी एक सांगून ठेवतो. उथळ खारं पाणी म्हणजे खोल समुद्र नव्हे आणि लाटांची पुळणही नव्हे. खाडीच्या मुखाजवळ, वाळूच्या दांड्यामागं, तिवरांच्या पुढ्यात पसरलेली ती सपाट जमीन. दिवसातून दोनदा ती पाण्याखाली जाते आणि दोनदा उघडी पडते. फ्लोरिडात आणि बहामा बेटांवर अशा सपाटीवर बोनफिश नावाच्या चंदेरी माशासाठी जगभरातून लोक येतात. तिथलं पाणी इतकं नितळ की मासा आधी डोळ्यांनी हुडकायचा आणि मग त्याच्या पुढ्यात गळ टाकायचा. आपल्या खाड्यांचं पाणी बहुतेक वर्षभर गढूळ. मासा दिसतच नाही. म्हणून आपल्याकडं जागेची पारख जास्त लागते.

मामा : तू सारखा खाडीला जातोस. मग मला सरळ एक जागा सांग. पुलाच्या डाव्या अंगाला का उजव्या, दगडावर का वाळूत. मी येतो, तिथं बसतो. एवढं सोपं असताना तासभर काय सांगायलास?

भाचा : खाडीत नुसती जागा सांगून भागत नाही मामा. सकाळी सातला विचाराल तर एक सांगीन, दहाला विचाराल तर दुसरी. आणि दुपारी एकला विचाराल तर सांगीन की तिथं आता छातीएवढं पाणी आहे, मागं फिरा. तिथं जागा आणि वेळ वेगळी काढता येत नाही.

मामा : वेळ इथं बी हाय की. पहाटं मासा काठाला येतो, ऊन तापलं की खोलात जातो. वारं पश्चिमेचं सुटलं की वरचा सगळा कचरा-शेवाळ पूर्वेच्या काठाला जाऊन लागतं, अन् त्याच्या मागं बारका मासा. ते बघूनच आम्ही बसतो. पण म्हणून चांगली जागा वाईट होत नाही. चांगल्या जागेवर मासा आज नसंल तर उद्या येतो.

भाचा : इथं मासा कुठं जाणार? भिंत आहे. तुम्ही बोटुकली सोडता, ती वाढते आणि याच पाण्यात फिरते. खाडीतला मासा पाण्याबरोबर आत येतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. ओहोटीला त्या सपाटीवर एक मासा नसतो. त्याचं घर तिथं नाहीच, तो तिथं चरायला येतो. तेव्हा कुठं बसू, याच्या आधी तो कोणत्या वाटेनं येतो आणि कोणत्या वाटेनं परत जातो, हे विचारायचं.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. पाण्यात वाट शोधायची ही गोष्ट त्यांना नवी नव्हती, असं त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं.

मामा : सोळा सालचा उन्हाळा आठवतो का तुला? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं.

भाचा : आठवतो ना. पहिली गाडी १२ एप्रिलला आली. दहा टाक्या, पाच लाख लिटर.

मामा : अन् आपल्या डोंगरगावच्या बॅरेजमधनं टँकर भरून शहराला चालले होते. त्या उन्हाळ्यात या घरणीचा तळ मी चालून बघितला. सगळे रडत होते, मी बी रडत होतो, धंदा बुडाला होता. पण पाय थांबत नव्हते. जुनी नदी कुठून वळत होती, ते पात्र तसंच्या तसं दिसलं. एक बुडालेली विहीर होती, तिचं कठडं निम्मं ढासळलेलं. एका रानाचा दगडी बांध होता, कमरेएवढा, वाकडा. मी ते सगळं डोक्यात ठेवलं. पुढं पाणी आल्यावर कंडाळी त्या बांधाच्या कडंनं लावली. दुसरे लोक वर पाण्याकडं बघून जाळं टाकायचे, मी खाली काय हाय ते आठवून टाकायचो. म्हणून म्हणतो, जागा म्हणजे तळ. वरचं पाणी येतंय अन् जातंय.

भाचा : मामा, तुम्ही आत्ता जे सांगितलं ना, तेच मी तासभर सांगायचा प्रयत्न करतोय. तुमच्याकडं ओहोटी दुष्काळातच लागते, काही वर्षांतून एकदा. खाडीत ती रोज दोनदा लागते. जो तळ बघायला तुम्हाला सोळा सालासारखं वाईट वर्ष यावं लागलं, तो तिथं रोज सकाळी उघडा असतो, फुकट. आणि निम्मे गळवाले तो बघायला जातच नाहीत. भरतीला येतात, पाणी छान दिसतं, बसतात.

माझ्या मते सगळ्या बोलण्याचा गाभा इथंच आहे. उथळ पाण्यातली जागा पाणी नसताना निवडायची. भरलेली खाडी सगळीकडं सारखीच देखणी दिसते, तिच्याकडं पाहून काही ठरवता येत नाही. पुढचा वाद होता तो, उघड्या जमिनीवर नेमकं काय बघायचं आणि कधी जायचं, याचा.

मामा : बरं, उघडी कधी पडते ते मला हितं बसून कसं कळायचं? मोबाइलवर बघून सांगशील, पण उद्या तू नसलास तर?

भाचा : मोबाइल नको, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. जेवढे येतील तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. भरतीच्या सव्वासहा तास आधी आणि सव्वासहा तास नंतर ओहोटी पूर्ण होते. हे गणित मुंबईच्या बाजूचं. दक्षिणेला जावं तसं पाणी थोडं आधी भरतं, म्हणून रत्नागिरीला थोडं लवकर धरायचं.

मामा : म्हंजे रोज पाऊण तास पुढं.

भाचा : बरोबर. एक तिथी, पाऊण तास.

मामांनी बोटांवर दोन-तीन तिथ्यांचा हिशेब करून पाहिला. आमच्याकडं पेरणी, लग्न, वारी सगळं पंचांगावर चालतं. त्याच पंचांगात समुद्राचं वेळापत्रक आहे, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

मामा : मग पुनवेलाच येतो. पाणी लई चढत असंल तर लई उतरत बी असंल.

भाचा : उधाण खरं चढतं ते पुनवेनंतर एक-दोन दिवसांनी. आणि पुनवेला ओहोटी पूर्ण होते पहाटे पाचच्या सुमाराला, अंधारात. त्यापेक्षा द्वितीया घ्या. दोन त्रिक सहा, भागिले चार, दुपारी दीड वाजता भरती. म्हणजे सकाळी सव्वासातच्या आत-बाहेर पाणी तळाला, आणि उजेड भरपूर. अष्टमीच्या आसपास मात्र भांग असतो. पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही, जमीन नीट उघडत नाही. तळ बघायला तो दिवस वाया.

मामा : किती उतरतं?

भाचा : मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत जातं. रत्नागिरी-मालवणकडं त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन मीटर धरा. ऐकायला थोडं वाटतं, पण जमीन किती सपाट आहे ते बघा. शंभर पावलाला हातभर उतार असेल, तर दोन मीटर पाणी उतरल्यावर साडेचारशे पावलं जमीन उघडी पडते. आणि तेवढीच जमीन पुढच्या सहा तासांत परत बुडते.

मामा : सहा तासांत म्हंजे सावकाश.

भाचा : इथंच माणूस फसतो. पाणी सारख्या वेगानं चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से केले, तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. पहिल्या तासात वाटतं, काही घाई नाही. तिसऱ्या तासाला पाणी पावलांमागून येतं. आणि ते समोरूनच येईल असंही नाही. तुम्ही मधल्या उंचवट्यावर उभे असता आणि मागचा चर आधी भरतो. तुमच्या आणि काठाच्या मध्ये पाणी. म्हणून जागा निवडताना पहिलं बघायचं ते परतीची वाट. मासा नंतर.

मामा : चराकडं पाठ करून बसायचं नाही. हे इथं बी खरं हाय. पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाला बसलेला माणूस वरचा पाऊस बघत नाही, अन् लोंढा आला की पळायला जागा नसते.

इथं भाच्यानं मोबाइल काढून ओहोटीच्या वेळी घेतलेले फोटो दाखवले. भाट्याच्या वरच्या अंगाला कुठंतरी काढलेले असावेत. पहिल्या नजरेला नुसता करडा चिखल. मामांनी फोटो मोठा केला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका जागी बोट ठेवलं. चिखलाच्या वरच्या बुळबुळीत थरावर बारीक बारीक ओरखडे होते, एकाला एक लागून, जणू कुणी ओठ टेकवत पुढं गेलंय.

मामा : हे कुणी खाल्लं?

भाचा : बोय. भरतीला थव्यानं येते आणि चिखलावरचं शेवाळ खरवडून खाते. ओहोटीला हे ठसे ताजे दिसले, तर मागच्याच भरतीला बोय इथं होती. उद्याही येईल. आणि हा खळगा बघा, बशीएवढा, उथळ. इथं पाकट बसलेली होती. तिच्या शेपटीला काटा असतो. म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, तळाला घासत न्यायचा, म्हणजे ती आधीच सरकते. आता इथं, ही एकमेकांना लागून दोन बारीक छिद्रं. म्हणजे खाली तिसरी आहे, शिंपला. जिथं तिसऱ्या भरपूर, तिथं वाळू-चिखलाचं प्रमाण चांगलं आणि पाय आत जात नाही. नुसता काळा चिखल, सडक्या अंड्यासारखा वास आणि वर एकही छिद्र नाही, अशा ठिकाणी पाऊल टाकायचं नाही. तिथं माणूस गुडघ्यापर्यंत रुततो आणि मासाही रेंगाळत नाही.

मामा : काठी टोचून बघायची.

भाचा : काठी तर हवीच.

मामा : मग मासा येतो ती वाट कुठली, ते या फोटोत दाखव.

भाचा : तुम्हीच दाखवा.

मामांचं बोट फोटोवरून हळूहळू सरकत गेलं. सपाटीवर पाण्याच्या बारीक बारीक रेघा राहिल्या होत्या. दोन रेघा एक होत होत्या, मग चार, मग एक हातभर रुंद चर, आणि तो मोठ्या पात्राला जाऊन मिळत होता. जिथं मिळत होता, तिथं बोट थांबलं.

मामा : हे. सगळं पाणी शेवटी इथूनच उतरतंय. म्हंजे वर चरायला गेलेलं जनावर परत येणार ते बी इथूनच. अन् मोठा मासा इथं खाली, खोलाच्या तोंडाला उभा असणार.

भाचा : बरोबर. ओहोटी लागली की बारकी बोय, कोळंबी, सगळं या चरातून बाहेर पडतं. तोंडाशी जिताडा नाहीतर तांबोशी टपून असते. चढत्या पाण्याला उलटं. तेव्हा बोय पाण्याच्या पहिल्या धारेबरोबर वर सरकते, घोटाभर पाण्यातसुद्धा. तेव्हा तोंडाशी बसून फायदा नाही, थोडं वर, सपाटीच्या कडेला सरकायचं. एकच चर आहे, पण चढत्या पाण्याला त्याची एक जागा आणि उतरत्या पाण्याला दुसरी. म्हणून मी म्हणत होतो की नुसती जागा सांगून भागत नाही.

मामा : अन् मी म्हणत होतो तळ. चर तळातच हाय ना?

दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम होते, आणि मला दोघंही पटत होते. पण जमिनीला मी अधिक मान देईन. वेळ गणितानं कळते आणि कुणालाही कळते. कोणता चर शेवटपर्यंत वाहतो, हे चिखलात उतरल्याशिवाय कळत नाही. भाचा तरुण आहे, उपग्रहाचे नकाशे बघतो. त्यानं ते दाखवलेही. काळबादेवीची खाडी, शिरगावची बाजू, दक्षिणेला पूर्णगड, वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. नकाशाचा उपयोग आहेच. कुठं दांड्यामागं रुंद सपाटी आहे, कुठं तिवरं पाण्याला भिडली आहेत, कुठं रस्ता जवळ आहे, हे घरबसल्या कळतं आणि दहा ठिकाणांतून तीन उरतात. त्या तिनांतून एक मात्र पायांनीच निवडावी लागते. शिवाय नकाशावरचं चित्र कोणत्या तासाचं आणि कोणत्या वर्षाचं, हा प्रश्न राहतोच.

भाचा : दांडे सरकतात मामा. भाट्याच्या मुखाशी गाळ साचतो, बोटींची वाट बंद होते, हे दुखणं जुनं आहे. पावसाळ्यात नदीचा लोंढा एक चर बुजवतो आणि दुसरा उघडतो. मागच्या वर्षीची जागा यंदा तिथं असेलच असं नाही. तुमची जागा कायमची, आमची एका वर्षाची.

मामा : कायमची कुठली? सतरा सालापासून गाळमुक्त धरण योजना आली. जेसीबी लागले, ट्रॅक्टर लागले, लोकांनी गाळ शेतात नेला. चांगलं झालं, रानं सुधारली. पण तळ बदलला. जिथं सपाट होतं तिथं खड्डे झाले, मोठा मासा आता खड्ड्यात बसतो. अन् काठाकाठानं गाळपेर करतात, पाणी मागं सरलं की हरभरा, ज्वारी टाकतात. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं की ती धसकटं पाण्याखाली. त्या धसकटात बारका मासा इतका येतो की विचारू नको. ते दर साली वेगळं. मी दर उन्हाळ्यात एक चक्कर मारतोच, नवीन काय झालं बघायला.

भाचा : म्हणजे तुमचीही जागा एका वर्षाचीच.

यावर मामा हसले. मग भाच्याला त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मासेमारीवर लिहिणारे फारसे विचारत नाहीत आणि मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

मामा : पण त्या जागेवर बसायचा हक्क कुणाचा? इथं तलावाचा ठेका आमच्या संस्थेकडं हाय, पाच वर्षांचा. आम्ही पैसे भरतो, बीज सोडतो. बाहेरचा कुणी जाळं घेऊन आला तर आम्ही विचारतो. तिथं मी बाहेरचा असणार.

भाचा : तिथं असा ठेका नाही, पण माणसं आहेत. राजिवड्याची, कर्ल्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या खाडीवर जगतात. ओहोटीला बायका तिसऱ्या काढायला उतरतात, कोयती-टोपली घेऊन. जी जागा तुम्हाला रिकामी सपाटी वाटते, ते त्यांचं शेत आहे. त्यांच्यात जाऊन गळ टाकत उभं राहायचं नाही. विचारायचं. आणि खरं सांगू, विचारल्यावर जेवढं कळतं तेवढं कुठल्याच नकाशात नाही. कुठं रुततं, कुठला चर यंदा नवा, कुठं पाकटी जास्त, सगळं.

मामा : मग मी पाग घेऊन येतो. त्यांना बी दाखवतो भोयाचा हात.

भाचा : पाग नको. गळ आणा.

मामा : कामून? जाळ्यानं मारलेला मासा काय वेगळा असतो का?

भाचा : त्यांचं पोट त्यावर आहे. आपण दोन दिवसांचे पाहुणे. गळाला दोन मासे लागले तर कुणी काही म्हणणार नाही. चराच्या तोंडाशी पागेनं थवाच्या थवा उचलला, तर ती त्यांची भाजी आपण उचलली.

मामांना हे पटलं नाही. मासा पाण्याचा, ज्याचा हात चालेल त्याचा, असं ते म्हणाले. मग स्वतःच थांबले. आपल्या तलावावर बाहेरचा आला की आपण काय करतो, हे आठवलं असावं. मी इथं भाच्याच्या बाजूनं आहे, पूर्णपणे. जागा चांगली की वाईट याच्या हिशेबात ती आधीपासून कुणाची आहे, हे आलंच पाहिजे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथले नियम आधी विचारून घ्यावेत. कांदळवनात फांदी तोडून वाट करायची नाही, तिवरांच्या श्वासमुळांवर पाय द्यायचा नाही. माशाची पिल्लं वाढतात ती त्याच मुळांत. आणि जिथं कारखान्याचं सांडपाणी खाडीत येतं, तिथं सपाटी कितीही सुंदर असो, सोडून द्यावी. दाभोळ खाडीच्या मच्छीमारांनी लोटे-परशुरामच्या रासायनिक पाण्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे. अशा पाण्यातला मासा ताटात घेण्याआधी त्यांचं ऐकावं.

मामा : वाऱ्याचं काय? तू वाऱ्याचं काहीच बोलला नाहीस. आमचं तर निम्मं वाऱ्यावर चालतं.

भाचा : आहे ना. मार्गशीर्षात पहाटे जमिनीकडून मतलई वाहते, पाणी काचेसारखं असतं. दहा-अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि पाण्यावर सुरकुती येते. उथळ पाण्यात सुरकुती चांगली, तुमची सावली माशाला दिसत नाही. पण वारा आणि ओहोटी समोरासमोर आली की मुखाजवळ पाणी खवळतं. तेव्हा मुख सोडून आत सरकायचं. आणि आत सरकलं की एक लक्षात ठेवायचं, ओहोटी मुखाशी आधी लागते आणि आत उशिरा. मुखाशी पाणी थांबलं तरी तीन-चार किलोमीटर आत ते अजून उतरत असतं. त्यामुळं एकाच सकाळी उतरतं पाणी दोनदा मिळवता येतं.

मामा : हे मला आवडलं. पावसाळ्यात का नाही बोलावलंस? आमचा मासा तर तेव्हाच चढतो.

भाचा : पावसाळ्यात खाडी गोडी होते, गढूळ होते, वरून झाडंसुद्धा वाहत येतात. खाऱ्या पाण्याचा मासा मुखाकडं सरकतो. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असतेच, विणीचा काळ म्हणून. गळवाल्यानंही तेव्हा गप बसावं. नदीचं पाणी ओसरलं, खारेपणा परत आला, की दसऱ्यानंतर पुढं चांगलं. वाळूत मुडदुशी मिळते, आणि दांड्यावर रावस आला तर नशीब.

मामा : मग द्वितीया. सकाळी सव्वासात.

भाचा : सात. रत्नागिरीला पाणी थोडं आधी. आणि उजाडताच उतरायचं, पाणी सरत असताना मागं मागं जायचं. कोणता चर शेवटी आटतो ते तेव्हाच कळतं. काठी आणा, टोपी आणा, गळ घरी ठेवा.

मामा : एवढं पाचशे किलोमीटर येऊन गळ घरी ठेवू?

भाचा : पहिल्या दिवशी. नुसतं चालायचं, बघायचं, तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना विचारायचं. पाणी परत फिरलं की निघायचं.

मामा : अन् दुसऱ्या दिवशी?

भाचा : तृतीया. गळ घेऊन, पाऊण तास उशिरा.